छत्री वरच्या ओळीत तिसरी

गेल्या वर्षभरात मी वीस चौकोन काढले आणि त्यांत सहा चित्रं टाकली. ऑफिसात काय करतेस याचं खरं उत्तर एवढंच आहे. पण असं सांगितलं की लोक हसतात, म्हणून मी म्हणते, सॉफ्टवेअरमध्ये आहे.

चार ओळी, प्रत्येक ओळीत पाच चौकोन. डॉक्टरांच्या टेबलावरच्या मोठ्या टच स्क्रीनवर ते दिसतात. त्यांतल्या कुठल्याही सहांत चित्रं उमटतात: छत्री, किल्ली, कप, चप्पल, कंगवा, घड्याळ. दहा सेकंद राहतात आणि मग सगळे चौकोन राखाडी होतात. समोर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाने बोट लावून सांगायचं, छत्री कुठे होती, किल्ली कुठे होती. अशा तीन फेऱ्या, अठरापैकी गुण. ज्यांना विसरायला होतं त्यांचं विसरणं कुठवर आलंय, हे डॉक्टरांना त्या गुणांवरून कळतं.

ऐकायला सोपं आहे. पहिल्या महिन्यात छत्रीच्या डोक्यावर किल्ली येऊन बसायची, कारण कॉम्प्युटर तोच चौकोन दोनदा निवडायचा. मग मी वीसही चौकोनांचे आकडे आधी पिसून घ्यायला लागले, पत्ते पिसतात तसे, आणि वरचे सहा उचलायला लागले. ते जमलं, तर खिडकी लहान केली की चप्पल चौकोनाबाहेर लोंबायची. तेही जमलं, तर साहेबांना दोन चौकोनांमधली फट आवडेना. फट वाढवा. जरा जास्त झाली, कमी करा. पहिली होती तीच बरी होती. चार दिवस माझ्यासारखी शिकलीसवरलेली बाई फट उघडत आणि मिटत होती.

त्यात आमचा शंकासुर. मी केलेलं काम तपासायचं, हे त्याचं काम. त्याचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल, बाकी कुठे कुणी वापरत नाही. चूक सापडली की त्याला ती पुन्हा घडवून दाखवावी लागते, आणि इथेच त्याचं घोडं अडलं.

"ताई, तुमची चित्रं दर वेळी जागा बदलतात. काल कंगवा कोपऱ्यात अर्धा कापला गेला होता. आज दाखवायला आणलं तर मधोमध बसलाय साळसूदासारखा. मी सिद्ध करू कसं?"

त्याचं म्हणणं रास्त होतं. कॉम्प्युटरला पिसायला सांगताना सुरुवातीला एक आकडा द्यावा लागतो. दर वेळी वेगळा आकडा दिला तर तो दर वेळी वेगळं पिसतो. एकच आकडा देत राहिलं तर हजार वेळा हुबेहूब तसंच पिसतो, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. मी एक ओळ लिहून सात हा आकडा कायमचा देऊन टाकला. प्रोग्राम उघडला की चित्रं त्याच जागी. शंकासुर खूश झाला. काम संपलं की ही ओळ काढायची, असं पिवळ्या चिठ्ठीवर लिहून मी स्क्रीनच्या कडेला चिकटवलं. त्या चिठ्ठीचं पुढे काय झालं ते मला आठवत नाही.

आठवणार कसं? त्याच आठवड्यात बाबांनी किटली जाळली होती.

बाबा कंपोझिटर होते. हाताने खिळे जुळवून छापायचे दिवस होते तेव्हा. त्यांच्यापुढे लाकडी खणांची एक भली थोरली पेटी असायची, छापखान्यात तिला केस म्हणत. एकेका खणात एकेका अक्षराचे शिशाचे खिळे. मी लहानपणी त्यांना पाहिलंय. डोळे समोरच्या कागदावर आणि हात आपला आपण खणाकडे जायचा, तो खिळा घेऊनच परत यायचा. केसकडे बघून खिळा उचलणाऱ्याला ते कंपोझिटर मानायचेच नाहीत. "हाताला खण कळला की डोळ्यांचं काम नाही," हे आमच्या घरात जेवतानासुद्धा ऐकायला मिळायचं.

त्यांच्या छापखान्यात एक कायदा होता. कुणाच्या हातून केस सांडली, खिळे कालवले गेले, तर त्यानेच खाली बसून एकेक खिळा परत ज्याच्या त्याच्या खणात टाकायचा. लावल्याशिवाय घरी जायचं नाही. एकदा खुद्द मालकाचा कोपर लागून केस पालथी झाली, तर बाबांनी मालकाला खाली बसवलं. मालक बिचारे शेरवानीसकट बसले. हा किस्सा मी किमान दोनशे वेळा ऐकला आहे आणि दर वेळी त्यात मालकाचे कपडे जास्त भारी होत गेले आहेत.

छापखान्यातलं एक जुनं लाकडी कपाट बाबांनी मी शाळेत जायच्या आधीच घरी आणलं होतं. बारा खण, दाराला लागूनच. वरच्या खणात किल्ली, तिच्या शेजारी बॅटरी, मग छत्री, मग बिलं. आईच्या चष्म्याचा खण तसाच आहे. आई जाऊन तीन वर्षं झाली, चष्मा आहे. सगळ्यात खालचा, डावीकडचा खण तेवढा रिकामा असतो. त्यात पूर्वी काय असायचं, मला आठवत नाही.

त्याआधी बाबा एकदा संडासात अडकले होते, एकदा रस्ता चुकले होते. किटलीनंतर आमच्यात बोलणं झालं. आमच्यात म्हणजे मी आणि दादा. दादा दोन तासांवर राहतो, अकराव्या मजल्यावर. वहिनी प्रेमळ आहे, बाबांसाठी वेगळी खोली काढून ठेवली आहे. दादाचं कधी चुकत नाही, त्याच्याशी भांडायला माझी हीच पंचाईत होते. बाबांना मात्र त्यांचं घर सोडायचं नव्हतं. "मला इथून हलवू नका," ते म्हणाले. दोनदा म्हणाले. माझ्या वडिलांना मी आयुष्यात कधी विनवताना पाहिलं नव्हतं.

शेवटी बाबांच्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत ठरलं. दर महिन्याला चौकोनांची परीक्षा. बारा किंवा वर गुण असले तर बाबा आपल्या घरी, एकटे, मी येऊन-जाऊन. बाराच्या खाली आले की दादाकडे. माझाच प्रोग्राम, आणि तो पहिल्यांदा घेणारा दवाखाना हाच. नातेवाईक मागून खुणा करतात म्हणून परीक्षेच्या वेळी आम्हाला बाहेर बसवायचे. मी बाहेर बाकावर बसून माझ्याच चौकोनांची वाट पाहायचे.

पहिल्या महिन्यात बारा. काठावर पास. दुसऱ्यात तेरा, तिसऱ्यात पंधरा, चौथ्यात सोळा. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उजळला. "असं फार क्वचित होतं," त्या म्हणाल्या, "पण तुमचे वडील एकटेच नाहीत. आणखीही काही जण सुधारतायत."

मी दमले आहे, हे एकदा सांगून टाकते. सकाळी ऑफिसच्या आधी बाबांकडे, संध्याकाळी ऑफिसनंतर बाबांकडे, मग माझ्या दोन खोल्या, जिथे वर्षभर एक पडदा शिवून पडलाय आणि तो लावायला मला स्टुलावर चढवत नाही. सोळा गुण ऐकून मी आनंदले, आणि त्याच क्षणी मनात आलं, म्हणजे अजून कितीतरी महिने हे असंच. लाज वाटली. पण मनात आलं ते आलंच.

पाचव्या परीक्षेच्या आधीचा रविवार होता. दुपारचा चहा झाला होता. बाबांच्या टेबलावर चौकटीचं कापड आहे. ते त्या चौकटींवर बोट ठेवत काहीतरी पुटपुटत होते.

"काय करताय?"

"परवा परीक्षा आहे ना?" खरं तर गुरुवारी होती. "उजळणी करतोय. छत्री वरच्या ओळीत तिसरी. किल्ली खाली, डावीकडे कोपऱ्यात. कप तिच्या वर, एक सोडून."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. छत्री वरच्या ओळीत तिसरी. हे मला माहीत होतं. महिनोन्महिने माझ्या स्क्रीनवर ती तिथेच होती.

"आणि चप्पल?" मी विचारलं.

"दुसऱ्या ओळीत," बाबा म्हणाले.

"शेवटची," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

त्यांना कोण आनंद झाला! "तुलाही पाठ आहे? बघ! पहिल्या खेपेला मला जरा जड गेलं. मग कळलं, अरे, ही तर केस आहे. जागा ठरलेल्या आहेत, चित्रांकडे बघायचंच कशाला. हाताला खण कळला की संपलं." त्यांनी तिन्ही फेऱ्या कापडावर धडाधड म्हणून दाखवल्या. बोट एकदाही अडखळलं नाही. मग कपबश्या गोळा करत म्हणाले, "तुझ्या आईचा चहा झाकून ठेव, गार होईल."

सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या मी फाइल उघडली. ओळ तिथेच होती. आकडा सात. शंकासुर मागे येऊन उभा राहिला आणि त्याचा चेहराच उतरला.

"ताई, हे माझ्यामुळे झालं."

"तू मागितलंस, मी दिलं. काढायचं माझ्याकडे होतं."

साहेबांना सांगितलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं. "पुढच्या आवृत्तीत गुपचूप बदलून टाका. कुणाच्या लक्षात येणार आहे?" मी म्हटलं, डॉक्टरांच्या लक्षात येईल, सगळे पेशंट एकाच आठवड्यात आपटले की. साहेब म्हणाले, "मग हळूहळू बदला." चित्रं हळूहळू कशी बदलायची असतात, हे मी त्यांना विचारलं नाही. 

जागेवर येऊन मी त्या ओळीकडे बघत बसले. काही केलं नाही तर गुरुवारी बाबांना सोळा, कदाचित सतरा. बाबा त्यांच्या घरी. ओळ काढली तर काय होणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. पण दवाखान्यात बाबांसारखी आणखी दहा माणसं होती आणि त्यांच्या घरी कुणीतरी सोळा गुणांवर विसंबून गॅस, जिना, रस्ता त्यांच्या हवाली करत होतं. एवढंच असतं तर मी ताठ मानेने ओळ काढली असती. पण दुसराही हिशेब मनात चालू होता: बाबा दादाकडे गेले की मी ऑफिसातून सरळ घरी जाईन. पडदा लावीन. खरं बोलल्याचं समाधान आणि सुटकेचा आनंद एकाच पुडीत मिळत असेल तर माणसाने त्या समाधानाकडे जरा संशयानेच बघावं. मी बघितलं. आणि तरी ओळ काढली, कारण दुसरा मार्ग मला सुचला नाही.

मग दुरुस्त केलेला प्रोग्राम दवाखान्यात पाठवला आणि डॉक्टरीणबाईंना फोन करून सगळं सांगितलं. 

"म्हणजे अकरा घरांना मी चुकीचं सांगितलं," त्या म्हणाल्या. "मला वाटत होतं औषध लागू पडतंय." मग त्या म्हणाल्या, "गुरुवारी तुम्ही आत बसा."

गुरुवारी मी आत, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. बाबांनी छापखान्यात सरसावायचे तशा बाह्या सरसावल्या. स्क्रीनवर चित्रं उमटली. छत्री तिसऱ्या ओळीत होती, किल्ली पार उजवीकडे. बाबांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दहाच्या दहा सेकंद ते डॉक्टरीणबाईंकडे बघून हसत होते, अभ्यास झालेल्या मुलासारखे. चौकोन राखाडी झाले आणि त्यांचा हात झोकात वर गेला. वरची ओळ, तिसरा चौकोन.

चौकोन उघडला. आत काही नव्हतं.

त्यांनी पुन्हा बोट लावलं. मग किल्लीच्या कोपऱ्यात. रिकामा. कपाच्या जागी. रिकामा. दुसऱ्या फेरीत त्यांनी चित्रांकडे पाहिलं, पण हात जुन्याच जागी जात होता, ते त्याला मागे ओढत होते, आणि तेवढ्यात डोळ्यांनी पाहिलेलंही निसटत होतं. तिसऱ्या फेरीत त्यांचं बोट स्क्रीनसमोर नुसतंच हवेत राहिलं. मला उठून त्यांचा हात धरावासा वाटला. मी बसून राहिले. अठरापैकी तीन.

बाबा कितीतरी वेळ स्क्रीनकडे बघत होते. मग वळून म्हणाले, "ही केस कुणीतरी कालवलीय."

"नाही हो आजोबा, ते तसंच असतं," डॉक्टरीणबाई हळू म्हणाल्या.

"मी कालवली, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. हाताखालच्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं.

"मग बस खाली," ते म्हणाले. "लावल्याशिवाय घरी जायचं नाही."

दादाला फोनवर तीन सांगितले. तो म्हणाला, "रविवारी गाडी घेऊन येतो." मी बरं म्हटलं. माझ्या आवाजात मलाच न आवडणारं हलकेपण होतं.

मग बाबांना घेऊन त्यांच्या घरी गेले. ते पुढे, मी मागे. दार उघडून त्यांनी न बघता किल्ली वरच्या खणात टाकली. दिवा लावला. चपला कोपऱ्यात, टोपी खुंटीला. स्वयंपाकघरात जाऊन काडेपेटी घेतली, पातेलं घेतलं, साखरेच्या डब्यात चमचा बुडवला, आणि या सगळ्यात त्यांची नजर खिडकीबाहेर होती. तासाभरापूर्वी तीन गुण मिळवलेला माणूस एका थेंबाची सांडलवंड न करता चहा करत होता.

मी दारात उभी राहून बघत राहिले आणि मला किटली आठवली. किटली जळली त्याच्या आदल्या दिवशी मी ओटा स्वच्छ केला होता. शेगडी डावीकडची उजवीकडे सरकवली होती, उजेड बरा पडतो म्हणून; किटली जळल्यावर बाबांनीच ती परत डावीकडे आणली. त्याच्या आधी ते संडासात अडकून बसले होते, तिथली कडी मी नुकतीच बदलून घेतली होती. रस्ता चुकले ते वाण्याने दुकान पलीकडे हलवलं तेव्हा. दर वेळी कुणीतरी काहीतरी हलवलं होतं, आणि बहुतेक वेळा ते कुणीतरी म्हणजे मीच होते. आईच्या चहाचं काय, हे मात्र यात कुठेच बसत नव्हतं. ते आजारपणच होतं, आणि ते वाढणार होतं.

मी तिथूनच दादाला फोन केला.

"त्यांना नेऊ नकोस. तुझ्या घरात त्यांचा एकही खण नाही."

"मग काय, एकटे राहू द्यायचं? तीन गुणांवर?"

"एकटे नाही. मी येते इथे राहायला."

"तू? दर आठवड्याला फोनवर दमले म्हणतेस."

"दमलेच आहे. येते म्हटल्याने दमणं जाणार नाहीये."

दादा म्हणाला, "शनिवार-रविवार मी येईन. तू घरी जाऊन झोप. पण एवढं सांग, तिथल्या कशालाच हात लावायचा नसेल तर मी पथारी टाकू कुठे?" तो विनोद करत होता आणि त्याचा आवाज भरून आला होता. दादाला दोन्ही एकदम जमतं हे मला नव्यानेच कळलं. 

शुक्रवारी संध्याकाळी मी कपड्यांची बॅग घेऊन गेले. मनाशी ठरवलं होतं, या घरातली एकही वस्तू हलवायची नाही. त्यामुळे दारातच घोडं अडलं. बॅग ठेवायची कुठे? खाटेखाली बाबांची पेटी, कोपऱ्यात चपला, खुर्चीवर त्यांची शाल. मी बॅग हातात धरून उभी.

बाबा आले. मालकाचा किस्सा सांगत होते, आज मालकांच्या शेरवानीला जरीची किनारही होती. बोलता बोलता त्यांनी माझ्या हातातून बॅग घेतली, वाकले, आणि कपाटाच्या सगळ्यात खालच्या, डावीकडच्या रिकाम्या खणात सरकवली. ती बसेना. तेव्हा त्यांनी ती आडवी केली, बंद आत दुमडला आणि गुडघ्याने एक हलका धक्का दिला, तशी ती बसली.

माझं दप्तर असंच बसायचं. पहिलीपासून दहावीपर्यंत रोज मी ते असंच आडवं करून, बंद दुमडून, गुडघ्याने ढकलायचे. मी विसरले होते. बाबांनी तिकडे पाहिलंसुद्धा नव्हतं, त्यांची जरीची किनार अजून चालूच होती.

मी तिथेच, कपाटापाशी, खाली बसले.